घंटीला हात लावायचा नाही

रस्त्यात फ्लेक्स दिसला की सर गाडी थांबवायचे, मग मागून येणारा शिव्या देत का जाईना. वाढदिवसाचा असो, दुकानाच्या उद्घाटनाचा असो की कुणाच्या निवडीबद्दल अभिनंदनाचा, सर एक डोळा मिटायचे, अंगठा पुढं धरायचे आणि वरच्या चेहऱ्यांकडं बघत राहायचे. मग निकाल. "ह्याला ओढलाय. बघ की गं, कान कुटं चाललंत त्याचं. चांगला उभा माणूस, जागा भरायची म्हणून आडवा केला." माझी स्कूटर सारखी बंद पडायची आणि मी त्यांच्या गाडीवर मागं बसून कुपवाडला जायचे, त्यामुळं त्या रस्त्यावरचे सगळे ओढलेले पुढारी मला तोंडपाठ झाले होते. एकदा तर सर फ्लेक्सखालच्या पानपट्टीवाल्याला विचारायला गेले, हा छापला कुणी म्हणून. त्याला वाटलं, आलं विरोधी पार्टीचं माणूस भांडायला. तिथनं आम्ही कसे निसटलो ते आमचं आम्हाला ठाऊक.

सर म्हणजे आमच्या कंपनीतले टेस्टिंगचे मुख्य. कंपनी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काचेची इमारत येते. आमची कंपनी कुपवाडात पंपाचे भाग बनवणाऱ्या एका वर्कशॉपच्या माडीवर होती. खाली प्रेस मशीन दणका द्यायचं, वर आमच्या कपातला चहा हलायचा. आम्ही लग्नाचे फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरांसाठी सॉफ्टवेअर करत होतो, अजूनही करतो. फोटोग्राफर हजारो फोटो चढवतो, सॉफ्टवेअर प्रत्येकाची लहान चौकोनी प्रत बनवतं, आणि घरची मंडळी मोबाईलवर त्या लहान प्रती बघून खुणा करतात, हा घ्या, हा नको. मग खुणा केलेले फोटो अल्बमच्या पानावर त्याच चौकोनात आपोआप मांडले जातात. या लहान प्रतीला सगळं जग थंबनेल म्हणतं. सर मात्र पिल्लू म्हणायचे. मूळ फोटो आई, लहान फोटो पिल्लू. "पिल्लू आईवानी दिसलं पायजे," एवढंच त्यांचं टेस्टिंगचं शास्त्र. आणि दुसरं एक वाक्य, जे ते नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी ऐकवायचे: "माणूस लहान करा, चपटा करू नका."

वडूजचा माणूस. इंजिनिअर झालेला, पुण्यात मोठ्या कंपनीत चांगली वर्षं काढलेला, पण बोलणं कवाच बदललं नाही. पुण्यातनं का आलात असं विचारलं तर म्हणायचे, "तिथं मीटिंगमदी लय बोलत्यात आणि फोटो कुणीच बघत न्हाई."

त्यांनी आमच्या यंत्राची परीक्षा घ्यायला जे फोटो जमवले होते, ते बघून पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस भंगार गोळा करतो की काय. एका फोटोत पांढऱ्या कागदावर नुसती काचेची बांगडी. का? तर बांगडी गोल असते. पिल्लात ती अंड्यासारखी झाली, की समजायचं फोटो ओढला गेलाय. दुसऱ्यात बारीक दातांचा कंगवा, कारण फोटो लहान करताना हयगय झाली की दात एकमेकांना चिकटतात. तिसऱ्यात त्यांच्या आईचं इरकल, त्याच्या बारीक चौकड्यांवर पिल्लात नसत्या लाटा उठतात का ते बघायला. एक त्यांची आजी होती, मोबाईल आडवा धरून काढलेली. सॉफ्टवेअरनं फोटो सरळ केला नाही तर आजी झोपायची. आणि एक होती पंगत. लांबच्या लांब फोटो, उंचीला कमी. तो लहान करता करता एकदा उंची शून्यावर गेली आणि सगळं सॉफ्टवेअर बसलं. सर हसत सुटले. "माणसं जेवाय बसली आणि ताटंच न्हाईत!"

कुणीही कोडमध्ये काही बदल केला की हे सगळे फोटो यंत्रातनं आपोआप जायचे, पिल्लं निघायची आणि सरांनी आधी पास करून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून बघितली जायची. जुळली तर पुढं, नाही तर बदल परत. "रोज तेच तेच बघून माणसाचा डोळा मरतो," सर म्हणायचे. "यंत्राचा मरत न्हाई. म्हणून बघायचं काम यंत्राला, आणि आपण निवांत च्या प्यायचा."

आणि निकाल कळायचा कसा? दुसऱ्या कंपन्यांत म्हणे पडद्यावर हिरवा दिवा लागतो. आमच्याकडं घंटी होती. सरांचे वडील एसटीत कंडक्टर. त्यांच्या जुन्या गाडीतली दोरीची घंटी सरांनी कुठनं तरी मिळवून आमच्या दारावर बसवली होती, आणि तिच्या दोरीला एक चिमुकली मोटर जोडली होती. टेस्ट पास, डबल बेल. टेस्ट नापास, सिंगल. एसटीत बसलेल्या कुणालाही वेगळं शिकवावं लागत नव्हतं. सिंगल वाजली की सगळ्यांच्या माना वर व्हायच्या, आणि ज्यानं बदल केला असेल तो मान खाली घालायचा. बहुतेक वेळा मीच.

या घंटीला हात लावायचा नाही, हा कायदा. एकदा मालक, म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, तसा भला माणूस पण घाईचा, कुणा बड्या गिऱ्हाइकाला ऑफिस दाखवत होते. कौतुकानं त्यांनी हात वर करून दोनदा टिंग टिंग केलं. सर खुर्चीतनं ताडकन उठले. गिऱ्हाइकासमोर म्हणाले, "आवं साहेब, बेल कंडक्टरनं मारायची असती. पॅशिंजरनं न्हाई." मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण त्यांनी परत कधी हात लावला नाही. आम्ही तर लांबच.

आता त्या मुलीचं सांगते.

लग्नसराई संपत आली होती. दुपारी जिना चढून एक मुलगी आली, हातात हिरवा चुडा तसाच, काखेत लग्नाचा अल्बम. बरोबर आमचा कवठे महांकाळचा फोटोग्राफर, पडेल चेहऱ्यानं. मुलीनं अल्बम टेबलावर ठेवला आणि पाणीही न पिता विचारलं, "ह्यात माझी आई कुठाय?"

आम्ही पानं उलटली. हळद, मांडव, अक्षता, पाठवणी. कन्यादान चुलत्या-चुलतीनं केलेलं, कारण तिचे वडील नव्हते. आई एकाही पानावर नव्हती.

"फोटोग्राफर म्हणतो मी काढले. सॉफ्टवेअर म्हणे आपोआप मांडतं. आणि फोटो निवडले माझ्या नणंदेनं. आईनं अल्बम बघितला आणि मिटून ठेवला. तवापासनं माझ्या सासरी पाय ठेवत नाही. म्हणते, त्यांनी मला मुद्दाम काढली, विधवा बाई नको पानावर म्हणून. नणंद शपथा घेती, मी नाही काढलं. मी कुणाचं खरं मानू? मला एवढंच सांगा, काढलं कुणी?"

फोटोग्राफरनं मूळ फोटो उघडले, आणि आई दिसली. प्रत्येक फोटोत. प्रत्येक फोटोत पार कडेला. नवरा-नवरीच्या भोवती घोळका, आणि घोळक्याच्या टोकाला, अर्धं पाऊल मागं, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. तिला कुणी ढकललं नव्हतं. आपली आपणच सरकली होती, आपल्याकडच्या बाया सरकतात तशी. आणि आमचं सॉफ्टवेअर आडव्या फोटोचा चौकोन करताना मधला भाग ठेवायचं आणि दोन्ही कडा कापायचं.

मालक आतनं आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला बाजूला नेऊन पुटपुटले, "आपलं चुकलं असं काही लिहून-बिहून द्यायचं नाही हं. सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये असंच असतं." तेही खोटं नव्हतं.

सर मात्र आपल्या जागेवर जाऊन बसले होते. त्यांनी आपल्या टेस्टचे फोटो उघडले होते. त्यात एक भावकीचा फोटो होता, गावच्या यात्रेला जमलेल्या त्यांच्या घरच्यांचा. मोठ्या घोळक्याचं पिल्लू नीट निघतं का, हे बघायला ठेवलेला. सरांनी मूळ फोटो एका बाजूला ठेवला, पास केलेला नमुना दुसऱ्या बाजूला. मूळ फोटोत डाव्या टोकाला एक म्हातारी उभी होती. नमुन्यात नव्हती.

"कोण आहेत सर?" मी विचारलं.

"धाकटी चुलती माजी. चुलता फौजेत हुता, तिकडंच गेला. तवापासनं ही कायम कडंला." सरांनी चष्मा काढला. "हिच्या हातच्या भाकरी बांधून मी वडूजला शाळंला जायाचो गं. आणि मीच तिला कापून पास केली. रोज डबल बेल वाजत हुती, आणि ती फोटूत न्हवती. मला दिसलंच न्हाई."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. यंत्रानं काडीचीही चूक केली नव्हती. सरांनी जसं बघायला शिकवलं, तसंच ते बघत होतं. आणि सरांना बघायला शिकवलं आपण सगळ्यांनी.

सर त्या मुलीसमोर जाऊन उभे राहिले. "बाळ, तुज्या नणंदंनं न्हाई काढलं. मी काढलं. तुज्या आईचा पत्ता दे, मी सवता सांगून येतो." मालक म्हणाले, "अहो, फोन करा की." सर म्हणाले, "फोनवर कोण इस्वास ठेवील साहेब? उद्या अर्ध्या दिवसाची रजा लावा माजी."

मी म्हटलं, माझीपण लावा. बाईमाणसाकडं जायचं तर बाई बरोबर असलेली बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरजेवरनं आम्ही कवठे महांकाळला निघालो. वाटेत फ्लेक्सच फ्लेक्स. एका ठिकाणी तर वाढदिवसवाल्याचं तोंड पार थाळीएवढं पसरलं होतं. सरांनी एकदाही गाडी थांबवली नाही. तेव्हा मला कळलं, माणूस किती बिथरलाय ते.

घर गावाबाहेर, माळावर. बाई शेळ्यांपुढं पाला टाकत होत्या. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी हात झटकले आणि म्हणाल्या, "लेकीनं धाडलं व्हय? तिला म्हणावं, मी रुसली न्हाई. मला माजी जागा कळली, एवडंच."

पण सर दारातल्या पोत्यावर बसले आणि त्यांनी लॅपटॉप उघडला. बाहेर ऊन असं रखरखीत की पडद्यावर काही दिसेना. सर इकडं वळतायत, तिकडं वळतायत. शेवटी बाईंनाच राहवेना. त्या पुढं आल्या, पदराचं टोक धरून पडद्यावर सावली केली आणि स्वतःही वाकून बघायला लागल्या.

"ह्यो मूळ फोटू," सर म्हणाले. "ह्या तुमी. आता ह्या दोन रेघा मी मारल्यात. यंत्रानं रेघांच्या मदलं तेवडं घेतलं, भाईरचं टाकलं. कोण हाय ते बघितलंच न्हाई." दुसरा फोटो. तिसरा. प्रत्येकात बाई रेघेबाहेर. बाई नुसतं "हं, हं" करत होत्या. हे सगळं पढवून पाठवलेलं असणार, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग एक फोटो आला आणि त्यांनी बोट पुढं केलं. बोट स्वतःवर नव्हतं, दुसऱ्या टोकाला होतं. तिथं भला मोठा फेटा बांधलेला, मिशीवाला एक माणूस छाती काढून उभा होता.

"हे जावायाचं मामा न्हवं?"

"आसतील," सर म्हणाले.

"हे बी रेगंच्या भाईर?"

"भाईरच की."

"म्हंजी अल्बमात मामा बी न्हाईत?"

"न्हाईत."

बाईंनी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आवं, त्या मामाला मानाचा फेटा चौघांच्या आदी बांधला न्हाई म्हणून ह्यो बाबा मांडवात तासभर तोंड फुगवून बसला हुता! त्याला कापायची ह्यांच्यात कुणाची छाती हाय?" आणि त्या हसायलाच लागल्या. तोंडाला पदर लावायला गेल्या तर पदर पडद्यावर धरलेला, म्हणून तशाच हसत राहिल्या. मीही हसले. सर तेवढे गंभीर. मामांचा फेटा आमच्या कामी आला, लॅपटॉप नाही.

"मग नणंदंनं न्हाई काढलं?"

"आवं ताई, सांगतोय काय मगापासनं! मी काढलं. मी यंत्राला शिकीवलं तसं. माज्या चुलतीला बी काढलं मी." सरांनी लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. "एक इच्यारू का? तुमचा ह्यो फोटू मला ठेवू द्या. यंत्राच्या परीक्षंला. आमच्याकडं घंटी हाय, एस्टीची. हितनं पुडं कुणीबी काय बी बदल केला, आणि तुमी न्हाई दिसला, की सिंगल बेल. काम थितंच थांबणार."

बाईंनी जरा विचार केला. "म्हंजी मी न्हाई दिसली तर गाडी सुटायची न्हाई?"

"न्हाई सुटायची."

"कुणाचीच?"

"कुणाचीच."

त्यांनी पडद्यावरचा पदर काढून डोक्यावर घेतला. "ठेवा मग," म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या. आतनं भांड्यांचा आवाज येत होता, आणि मग मोबाईलवर बोलल्याचा. "व्हय गं... आलती माणसं... तुज्या नणंदंला दे जरा." मी सरांकडं बघितलं. ते शेळीकडं बघत होते.

पुढचे काही दिवस ऑफिसात घंटी नुसती सिंगल वाजत होती. नवा फोटो घातला, भावकीच्या फोटोचा नमुना बदलला, चुलती परत आली, आणि आमचं जुनं काम सगळं नापास झालं. शेवटी ठरलं की आडव्या घोळक्याचा फोटो कापायचाच नाही, पुरा बसवायचा आणि वर-खाली रिकामी पट्टी सोडायची. मालकांना ते बघवेना. "अहो, हे केवढं ओसाड दिसतंय!" सर म्हणाले, "आसू दे की ओसाड. माणसं तर हायत." मालक आठवडाभर कुरकुरले. मग एका सकाळी त्यांनीच फोटोग्राफरला फोन केला आणि अल्बम आम्ही परत छापून देतो म्हणाले. आमचं चुकलं, हेही म्हणाले. मी कान देऊन ऐकत होते.

डबल बेल वाजली त्या दिवशी आम्ही भडंगाचा पुडा फोडला. मला वाटलं, झालं, गोष्ट संपली. सरही परत फ्लेक्सपुढं गाडी थांबवायला लागले होते.

पुढं सर निवृत्त होऊन वडूजला जाणार, असं ठरलं. त्यांच्या शेवटच्या दिवसांतच एकदा कवठे महांकाळच्या फोटोग्राफरनं मला मोबाईलवर एक फोटो पाठवला. "सरांना दाखवा," एवढंच खाली लिहिलेलं. डोहाळजेवणाचा फोटो होता. मुलीच्या सासरचं घर, फुलांची वाडी भरलेली ती मुलगी, भोवती बायकांचा हा घोळका. ओटी भरायच्या कार्यक्रमात विधवा बाई कुठं असते ते आपल्याकडं सांगायला नको. बहुतेक स्वयंपाकघरात. मी आधी कडेला बघितलं, सवयीनं. डावीकडं नाही, उजवीकडं नाही. मी परत एकेक चेहरा बघत गेले.

मग दिसल्या. बरोबर मध्ये. लेकीच्या खांद्यावर हात ठेवून, डोक्यावरचा पदर मागं सरकलेला, आणि शेजारी बहुतेक ती नणंद, बाईंच्या दंडाला धरून. जणू परत कडेला पळतील म्हणून धरून ठेवलंय.

मी फोन सरांपुढं धरला. त्यांनी चष्मा वर केला, एक डोळा मिटला, अंगठा पुढं धरला. किती तरी वेळ बघत होते. मग फोन माझ्या हातात परत दिला.

"ह्यो फोटू टेस्टला काय कामाचा न्हाई," म्हणाले. "कुठनंबी कापा, ह्या बाई राहत्यात."

आणि उठले, दारापाशी गेले, हात वर केला आणि घंटीची दोरी स्वतःच्या हातानं ओढली. दोनदा.